बटनं कोरी, टायर म्हातारे

अहो, ऐकलंत का? गुरुजींनी टायर बदलले! हो हो, आपल्याच गुरुजींनी, त्या पांढऱ्या अल्टोचे. चारही. म्हणजे चार म्हणायचे, तसे पाच… पण पाचव्याचं नंतर सांगते, ते जरा आतल्या गोटातलं आहे. या ना, अशा कुंपणाजवळ या. काकू अंगणात फुलं तोडून राहिल्या, उगाच कानावर जायचं.

तुम्ही नेमक्या माहेरी गेलात नि इकडं एवढं रामायण होऊन गेलं! सुरुवात कुणी केली ठाऊक आहे? जावयानं. तो पुण्याचा, हिंजवडीतला. महालक्ष्म्यांना आला होता ना. पुरणपोळी झाली, आंबील झाली, विडा तोंडात, नि आला हात धुऊन अंगणात. गाडीभोवती एक चक्कर मारली, बुटाच्या टोकानं टायरला हळूच ठोकरलं नि म्हणतो कसा, "बाबा, हे टायर कधीचे?"

गुरुजी म्हणाले, "गाडीसोबतचेच. बटनं बघा, टायरवरची नक्षी, अजून कोरी आहेत."

आता तेही खरंच म्हणा. ती गाडी जाते कुठं? आठवड्यातून एकदा वर्ध्याला, काकूंच्या गुडघ्यासाठी सेवाग्रामच्या दवाखान्यात, लग्नसराईत आर्वी नाहीतर पुलगाव. बाकी सगळा वेळ त्या कडुलिंबाखाली उभी. रिटायर झाले त्या वर्षी घेतली, अकरा वर्षांत बावीस हजार किलोमीटर. शोरूमवाले ऐकतील तर रडतील.

तर जावई बसले उकिडवे. मोबाईलचा टॉर्च लावला, टायरवर थोडी थुंकी लावून… हो अहो, थुंकी! एवढा शिकलेला… धूळ पुसली नि म्हणाले, "इथं चार आकडे आहेत बघा. एक नऊ एक चार."

गुरुजी चष्मा वर करून म्हणाले, "एकोणीसशे चौदा? म्हणजे पहिल्या महायुद्धातला टायर की काय?"

अशी हसली सगळी! काकूसुद्धा. जावयाचं तोंड मात्र पाहण्यासारखं झालं, कारण त्याला वाटलं होतं आता सगळे घाबरतील. मग त्यानं सांगितलं, की ते साल नाही, पहिले दोन आकडे आठवडा नि मागचे दोन वर्ष. दोन हजार चौदाचा एकोणिसावा आठवडा, म्हणजे मे महिन्यातला टायर. हे सगळ्या टायरांवर छापलेलं असतं म्हणे. तुम्ही कधी पाहिलं होतं? मीही नाही. आमच्या ह्यांनी रातोरात बॅटरी घेऊन आमच्या गाडीचे पाहिले, ते सोडा.

पण मग त्यानं टायरच्या बगलेवर टॉर्च मारला, नि काकूंचं हसू गेलं. बारीक बारीक भेगा, सगळीकडून. ठेवणीतली पैठणी नेसली नाही तरी घडीवर विरते ना, तसं रबराचं असतं म्हणे. गाडी चालो न चालो, ऊन नि हवा त्याला खातच असते. त्यातून आपलं ऊन! मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही, नि ते बिचारं रबर अकरा उन्हाळे उभं. पाच वर्षं झाली की दरवर्षी कुणा जाणत्याला दाखवायचे, नि दहा झाली की बटनं कितीही चांगली दिसोत, काढून टाकायचे, असं टायरवाल्या कंपन्याच सांगतात. म्हणजे बघा, गुरुजी बावीस हजारावर खूश होते नि मोजायचं होतं वय!

तर काय सांगत होते… हां, काकू. काकू तिथंच खाली बसल्या ओसरीवर. "मी नाई बसत बापा त्या गाडीत. शिर्डीले जाईन त एसटीनं जाईन."

शिर्डीचं माहीत आहे ना तुम्हाला? नवस आहे काकूंचा. दसरा झाला की जायचं ठरलं होतं, येळाकेळीला समृद्धीवर चढायचं नि थेट शिर्डी. ११ डिसेंबर २०२२ ला तो नागपूर-शिर्डी रस्ता सुरू झाला तेव्हापासून गुरुजींच्या मनात होतं ते. पण समृद्धी म्हटलं की आपल्याकडच्या बायकांच्या पोटात गोळा येतो, कारण ती बस… १ जुलै २०२३ ची, सिंदखेड राजाजवळची. पंचवीस माणसं गेली, नि त्यात आपल्या वर्ध्याहून बसलेली किती होती! ड्रायव्हर म्हणाला टायर फुटला. पुढं आरटीओच्या अहवालात आलं, टायर फुटल्याचा पुरावाच नाही. पण काकूंच्या डोक्यात तो टायर बसला तो बसलाच. नि त्या अगदीच चुकतात असंही नाही. सिमेंटचा सरळसोट रस्ता, कारला ताशी १२० पर्यंत मुभा, तासन्‌तास थांबायचं नाही, तिथं जुनं रबर तापणारच. त्याच वर्षी आरटीओवाल्यांनी समृद्धीच्या तोंडाशी टायर तपासायला सुरुवात केली नि गोटा टायरवाल्यांना माघारी धाडलं, हे तर तुम्हाला माहीतच आहे.

असो. सकाळी उठून नको त्या आठवणी.

तर मग गुरुजींच्या ओसरीवर बसली सभा. तुम्ही असायला हव्या होत्या! भाचा आला, तो आर्वी रोडवर मालवाहू टेम्पो चालवतो तो. आल्या आल्या म्हणतो, "मामा, एमआरएफ टाका, डोये झाकून. सचिनच्या बॅटवर होतं." गुरुजी म्हणाले, "मला बॅटिंग करायची नाही." जावई म्हणाला, एमआरएफची सुरुवात १९४६ साली मद्रासला खेळण्यातले फुगे बनवण्यापासून झाली, नि २०२३ च्या जूनमध्ये त्यांचा एक शेअर लाख रुपयांच्या वर गेला. हे सांगताना त्याचा चेहरा असा काही पडला, की मला वाटतं त्यानं तो आदल्या वर्षी विकला असावा. काकूंनी मात्र एवढंच ऐकलं, "फुगे? मंग फुटनारच की!"

आमचे हे कुठं गप्प बसतात? म्हणाले, सिएट घ्या, आपल्या बुटीबोरीला कारखाना आहे, आपल्या पोरांना काम मिळतं. तेवढ्यात आतून आवाज आला, "बुटीबोरीला दुचाकीचे टायर होतात, काका."

कोण बोललं असेल? सूनबाई!

हो ना, तीच. चार वर्षं झाली लग्नाला, सासऱ्यांसमोर कधी मान वर केली नाही. चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी. सगळे बघायला लागले. तिचं माहेर हिंगणघाटचं, वडलांचे ट्रक. लहानपणापासून टायरांच्या ढिगाऱ्यावर खेळलेली पोरगी, पण इथं तिला कुणी विचारलं होतं कधी? पोळ्या गोल होतात का एवढंच विचारलं. गुरुजी काही बोलले नाहीत, पण चहा घेताना तिच्याकडं दोनदा पाहिलं म्हणे. हे म्हणाले मला.

मग जावयाचं खरं दुखणं बाहेर आलं. त्याला टायर नव्हते बदलायचे हो, त्याला गाडी सजवायची होती! म्हणाला, ही बारा इंची चाकं काढून टाकू, तेरा इंची अलॉय व्हील बसवू, रुंद टायर, गाडी कशी रोडला चिकटून चालेल. मोबाईलवर फोटो दाखवला. लाल रंगाची अल्टो, काळी काळी चाकं. भाच्याचे डोळे लकाकले. गुरुजी म्हणाले, "आपल्या आंजीत ही गाडी घेऊन मी शाळेसमोरून जाऊ?"

रुंद टायर दिसायला भारी, पण ओढायला कोण? ती आठशे सीसीची गाडी. टायर जितका रुंद नि जड, तितकं इंजिनाला जास्त ओढावं लागतं, पेट्रोल जास्त. वरून गुरुजींची गाडी साधं मॉडेल, पॉवर स्टिअरिंग नाही. रुंद टायर घातले तर वर्ध्याच्या बजाज चौकात स्टिअरिंग फिरवताना गुरुजींचे खांदे उतरतील नि सेवाग्रामला काकूंऐवजी त्यांनाच भरती करावं लागेल. कंपनीनं त्या गाडीला जे माप दिलं आहे, १४५/८० आर १२, ते काही उगाच दिलेलं नाही. १४५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची, नि १२ म्हणजे आतली डिस्क किती इंची. हे मला आता झोपेतून उठवलं तरी सांगता येतं, इतक्यांदा ऐकलं त्या आठवड्यात.

आणि पुढं आकडा असतो, ७४ टी. ७४ म्हणजे एक टायर ३७५ किलो पेलतो, टी म्हणजे ताशी १९० पर्यंत टिकतो. गुरुजी साठच्या वर गाडी काढत नाहीत! मागून बैलगाडीवाले हॉर्न… बरं, बैलगाडीला हॉर्न नसतो, पण असता तर वाजवला असता.

नि आपला तो पंक्चरवाला! त्याला कुठून कळलं देव जाणे, दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. "गुरुजी, काहून पैसे घालवता? नव्या गाडीतून काढलेले टायर आणून देतो, निम्म्या पैशात. कोणाले कळत बी नाई." गुरुजींचा जीव निम्म्या पैशात अडकला, ते दिसलंच. निम्मं म्हटलं की गुरुजी विरघळतात, त्यांनी चष्म्याची काचसुद्धा एकच बदलली होती. पण सूनबाईनं नवऱ्याकरवी निरोप धाडला, की वापरलेल्या टायरला आतून ठिगळ मारलंय का, तो किती दिवस कमी हवेत चाललाय, हे बाहेरून ब्रह्मदेवालाही कळत नाही. ट्रकवाले जुन्या टायरवर रबर चढवून घेतात ते वेगळं, ते काम मापात होतं, त्यांचे टायर त्यासाठीच बनलेले असतात. कारला ते करायचं नाही.

पंक्चरवाला जाता जाता म्हणाला, "मंग ट्यूब तरी टाकून घ्या आतून, बाभळीच्या काट्याले बरं." हे मात्र आपल्या गावात सगळेच करतात, नाही का? शेतात गाडी घातली की पऱ्हाटीचं धसकट नि बाभळीचा काटा ठरलेला. पण ट्यूबलेसमध्ये काटा रुतला तर हवा हळूहळू जाते, माणूस दुकानापर्यंत पोचतो. आत ट्यूब घातली की ती टायरला घासून तापते नि काटा लागला की एकदम बसते. गुरुजींना हे पटलं, कारण घर्षणानं उष्णता निर्माण होते हे त्यांनी स्वतः तीस वर्षं शिकवलं. पण उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची त्यांची सवय काही सुटत नव्हती. "उष्णतेनं हवा प्रसरण पावते," हे त्यांचं शास्त्र. सूनबाईचं शास्त्र पुढचं, की हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो, नि मग फुटतो. दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावर लिहिलेली हवा, सकाळी गाडी थंड असताना भरायची. बारा महिने तीच.

झालं, ठरलं एकदाचं. आता प्रश्न, केव्हा? जावई म्हणाला आत्ताच जाऊ. नि गुरुजी म्हणाले, थांबा! पेपर दाखवला. जीएसटी उतरणार. टायरवर अठ्ठावीस टक्के होता तो अठरा होणार, २२ सप्टेंबर २०२५ पासून. नेमकी घटस्थापना! काकू म्हणाल्या, देवीचीच कृपा. चार टायरांमागे हजार-अकराशे वाचतात हो. पोस्टातल्या वहिनींनी ऑगस्टमध्येच त्यांच्या वॅगनआरचे बदलले होते. मी त्यांना सहज सांगायला गेले… आता सहजच, मुद्दाम नाही… तर त्या हसल्या, म्हणाल्या, "अस्सं होय?" नि दळण आणायचं आहे म्हणून उठल्या. गिरणी सोमवारी बंद असते, नि तो सोमवारच होता.

तर काय सांगत होते… वर्धा. माळ तिसरी की चौथी. गुरुजी, मुलगा, सूनबाई नि आमचे हे. सूनबाईला कशाला नेलं? काकूंचं म्हणणं, ओटीचं सामान आणायचं होतं म्हणून. ह्यांचं म्हणणं, गुरुजी स्वतःच म्हणाले, "सूनबाईला पण घ्या." मी ह्यांच्यावर विश्वास ठेवते, या एका बाबतीत.

दुकान कुठलं ते विचारू नका, मी नाव घेणार नाही. वर्ध्यात टायरची दुकानं काय थोडी आहेत? मालकानं खुर्च्या दिल्या, चहा मागवला, "गुरुजी, आमच्या साळ्याले तुम्हीच शिकवलं." म्हणजे संपलंच. गुरुजी लगेच मऊ. मालक म्हणाला, बारा इंची टायर आता फार कुणी ठेवत नाही, ती अल्टो ८०० कंपनीनं २०२३ साली बंद केली, नवीन अल्टोला तेरा इंची चाक येतं. पण तुमच्यासाठी म्हणून आहेत चार, आतल्या गोदामात. नि तुमच्यासाठी म्हणून डिस्काउंट! टायर आले. काळेभोर, चकचकीत, वर ते रबरी केस तसेच उभे. मालकानं भिंतीला टेकवून ठेवले ओळीनं. गुरुजींनी खिशातून पैशाची पुरचुंडी काढली.

नि सूनबाई वाकली.

पदर सावरला, पहिला टायर दोन हातांनी पलटवला. पूर्ण नंबर टायरच्या एकाच बाजूला असतो हो कित्येकदा, नि ती बाजू भिंतीकडं केली होती! पाहिलंत? तिनं बोटानं पावडर पुसली नि शांतपणे वाचलं, "चार सहा दोन एक."

कुणाला काही कळलं नाही. ह्यांना कळलं, ह्यांनी बॅटरी घेऊन अभ्यास केला होता ना. शेहेचाळिसावा आठवडा, २०२१. म्हणजे चार वर्षांचा टायर, नवा म्हणून!

मालकाचा चेहरा… ह्यांनी सांगितलं, चहाचा कप तोंडाशी तसाच. मग म्हणाला, "ताई, टायर काय दूध आहे का नासायला? गोदामात सावलीत होता." सूनबाई म्हणाली, "सावलीत होता हे बरं झालं दादा. पण आमची गाडी चालते कमी नि उभी जास्त. आमचे टायर झिजून नाही, वयानं जातात. आम्ही चार वर्षं आधीच कशाला देऊ?" आवाज चढवला नाही, काही नाही. गुरुजींनी पुरचुंडी परत खिशात घातली. नि म्हणाले काय माहीत आहे? "ऐका हो तिचं. ती म्हणते तेच."

आंजीत ही बातमी गाडीच्या आधी पोचली.

मग झाली फोनाफोनी. तासाभरात दुसऱ्या दुकानातून चार टायर आले. २२२५. त्याच वर्षीच्या मे-जूनमधले, ताजे. कंपनी कुठली? तीच गंमत आहे, आठवडाभर जिच्यावरून भांडण झालं ती शेवटी कुणी विचारलीच नाही. सूनबाईचा हिशेब साधा होता. माप कंपनीचं, तारीख ताजी, वर आयएसआयचा शिक्का, नि वॉरंटीचं कार्ड दुकानदारानं भरून द्यायचं. नामांकित चार-पाच कंपन्यांतला कुठलाही चालेल. काकू घरून फोनवर विचारत होत्या, "आपल्या टीमच्या शर्टावर हाये तो अपोलो घेतला का?" २०२५ च्या सप्टेंबरात जाहीर झालं ना ते शर्टाचं, तेव्हापासून काकूंना तेवढं एकच नाव पाठ.

हां, नि मालकानं मध्येच ताऱ्यांचं काढलं. फ्रीजवर असतात ना तसे तारे आता टायरांनाही मिळतात म्हणे, ऊर्जा बचतीचे. सगळ्यांवर नसतात. टायर किती सहज गडगडतो ते त्यावरून कळतं, पेट्रोल वाचतं. पण नुसतं गडगडणं पाहून भागत नाही, ओल्या रस्त्यावर ब्रेक लागला पाहिजे. पेट्रोलचे दोन पैसे वाचवून श्रावणात नाल्यात जायचं की काय? हे माझं मत आहे हं, सूनबाईचं नाही.

शेवटी गुरुजींना एकदा झटका आला. म्हणाले, "दोनच टाकू. पुढचे. मागचे पुढच्या वर्षी." मेकॅनिक पोरगा लगेच पुढचं चाक खोलायला धावला. अहो, दोनच टाकायचे तरी नवे मागं टाकायचे असतात! मलाही उलटंच वाटायचं, इंजिन पुढं, ओढतात पुढची चाकं, मग नवे पुढंच हवेत. पण पावसात मागची चाकं सुटली की गाडीची शेपटी फिरते, नि ती सावरणं भल्याभल्या ड्रायव्हरला जमत नाही. पुढचं घसरलं तर निदान पाय काढून, वेग कमी करून सावरता येतं. इथं तर चारही महायुद्धातले, तेव्हा दोनाचा प्रश्नच नव्हता. मुलगा म्हणाला, "बाबा, आईला शिर्डीला न्यायचं आहे ना?" नि संपलं.

व्हॉल्व्ह नवे बसवले, बॅलन्सिंग केलं, डिस्कच्या कडेला ते छोटे छोटे वजनाचे तुकडे ठोकतात ना, ते गुरुजी मोजत होते. अलाइनमेंट झालं. मग दुकानातलं पोरगं म्हणालं, "सर, नायट्रोजन भरू? चाकामागं पैसे वेगळे." गुरुजी आठवडाभरात पहिल्यांदा खुर्चीतून ताठ उठले. "बाळ, तू किती शिकलास?" "दहावी, सर." "हवेत नायट्रोजन किती टक्के?" पोरगं गप्प. "अठ्ठ्याहत्तर! साधी हवा भर. फुकटात अठ्ठ्याहत्तर टक्के मिळतो." हे सांगताना आमच्या ह्यांचा ऊर भरून आला होता. काही का असेना, गुरुजी त्या दिवशी एक तरी डाव जिंकले. येताना गोरस भांडारातून गोरसपाकाचे दोन पुडे आणले, एक आमच्याकडं दिला. चहात बुडवून संपलासुद्धा.

आता पाचव्याचं. जवळ या. स्टेपनी! डिकीतली स्टेपनी कुणी पाहिलीच नव्हती. ती पण २०१४ ची, एकदाही रस्त्याला न लागलेली. गुरुजी म्हणाले ही तर अगदी नवी! सूनबाई काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी मुलगा ड्युटीवरून येताना गाडीवर एक टायर बांधून आला नि तो टायर गुपचूप डिकीत गेला. पैसे कुणाचे? मुलाचे नाहीत, त्याचा पगार तर काकूंच्या हातात जातो. बचत गटातून त्या महिन्यात सूनबाईनं तीन हजारावर काढले, शिवणाच्या मशीनसाठी म्हणून. मी गटाची सचिव आहे ना, मला नाही कळणार? मशीन काही आली नाही अजून. काकूंना माहीत नाही, गुरुजींना… मला वाटतं गुरुजींना माहीत आहे. कारण दसऱ्याला गाडीची पूजा केली तेव्हा त्यांनी डिकी उघडून आतल्या स्टेपनीलाही हळदकुंकू वाहायला लावलं, नि ते सूनबाईच्या हातानं.

शिर्डी झाली, नवस फिटला. काकू म्हणतात, गाडी कशी चालली कळलंच नाही, झोप लागली. जावयाला फोनवर सांगितलं तर तो विचारतो, "अलॉय नाही टाकले?"

तेवढं एक राहिलंच. ते जुने चार टायर पाहिलेत का, पेरूच्या झाडाखाली रचून ठेवलेत? गुरुजी म्हणतात, कामाला येतील. परतीच्या पावसाचं पाणी साचलंय त्यांत, आशाताई परवा येऊन वाकून बघून गेल्या, डेंगूचे डास अशाच साचलेल्या चांगल्या पाण्यात होतात. मी सांगितलं तर काकूंना वाटेल कुंपणावरून बघत असते. तुम्ही आत्ताच माहेरून आलात, प्रसाद घेऊन जाल तेव्हा तेवढं पाणी उपडं करायला सांगा ना.